केबिनच्या दारात अडकलेली बाबांची स्कूटर

गेल्या शुक्रवारी दुपारी बाबांना घेऊन क्रूझवर चढलो आणि अर्ध्या तासात माझे हातपाय गार पडले. अजून नीट सावरलेलो नाही, म्हणून लिहून काढतोय…

आम्ही जोगेश्वरीला राहतो, मी आणि बाबा. आई गेल्यापासून दोघंच. दोन वर्षांपूर्वी शुगरमुळे बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हापासून ते मोबिलिटी स्कूटरवर असतात. म्हणजे बॅटरीवर चालणारी, खुर्चीसारखी सीट असलेली छोटी चारचाकी.

बाबा चौदा वर्षांचे असताना वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबईला आले. आधी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर अंधेरीला एमआयडीसीत फिटर. "एकदा परत बोटीत बसायचंय रे," हे मी लहानपणापासून ऐकतोय. त्या बोटी कधीच बंद झाल्या… म्हणून मुंबई-गोवा क्रूझ.

मी दिंडोशी कोर्टाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. शाळा नववीत सुटली, पण कागदात चूक मला सहन होत नाही. स्कूटरची लांबी, रुंदी, वजन, बॅटरी, सगळं टाइप करून क्रूझवाल्यांना मेल केलं. केबिनचा दरवाजा किती रुंद, ते तीनदा विचारलं. सहासष्ट सेंटिमीटर. आमची स्कूटर साठ. झकास.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी आलो तर स्कूटरला दोन्ही बाजूंनी स्टीलचा गार्ड! बाबांनी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये बसवून घेतला होता. "एवढ्या लांब न्यायची गाडी, कोणी घासून गेला तर?" आपल्याकडे गाडीला आधी गार्ड लागतो, बाकी सगळं नंतर. मी चिडलो, पण पुन्हा मोजली नाही. मापांचा कागद लॅमिनेट करून झाला होता ना…

टर्मिनलवर सगळं सुरळीत झालं. रॅम्पवरून बाबा एकदम ऐटीत वर आले. आणि केबिनच्या दारात… ठण्ण!

मागे घेतली, तिरकी घातली, पुन्हा ठण्ण. गार्ड दोन्हीकडून पाच-पाच सेंटिमीटर बाहेर आलेला. मी खिशातून टेप काढून उगाच तीन वेळा मोजलं, जणू दरवाजा रुंद होणार होता.

युनिफॉर्ममधल्या एक मॅडम आल्या. "सॉरी, पॅसेजमध्ये नाही ठेवता येणार. आग लागली तर लोक बाहेर कसे पडतील? आत जात नसेल तर स्कूटर खाली उतरवावी लागेल. चाळीस मिनिटांत रॅम्प काढतायत."

स्कूटर नाही म्हणजे बाबा दोन दिवस केबिनमधल्या पलंगावर. समुद्र भिंतीच्या पलीकडे. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग मी पण उतरतो. तू जाऊन ये." माझी वाट लागली…

मॅडमनी मेंटेनन्सच्या माणसाला बोलावलं. तो निघाला देवगडचा. वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, ह्यो कापूचो लागतलो. पण हयसर ग्राइंडर चालवक परमिशन व्हयी."

"कापतंस कित्याक? खाली बोल्ट आसत," बाबा म्हणाले. त्याने पाना घालून बघितला, पण बॅटरीच्या डब्यामागे त्याचा हात पोचेना. बाबा वैतागले. "बाजूक हो. तो तेरा नंबरचो पानो हयसर दी."

मी सवयीने पुढे झालो. सकाळी पलंगावरून स्कूटरवर, संध्याकाळी स्कूटरवरून पलंगावर… दोन वर्षं मीच त्यांना काखेत हात घालून उचलतोय. डॉक्टरांनी मला कमरेचा पट्टा दिलाय.

पण मी पोचायच्या आत बाबांनी चावी काढली, एक हात सीटवर, एक हँडलवर ठेवला आणि सर्रकन खाली जमिनीवर बसले. मग पाठीवर झोपून स्कूटरच्या खाली गेले. मी ओरडलो, "बाबा!" पॅसेजमधली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"ओरडू नको, उजेड दाखव," खालून आवाज आला. मी मोबाइलचा टॉर्च धरला. उजेड बोल्ट सोडून भलतीकडेच पडत होता, शेवटी देवगडवाल्याने मोबाइल माझ्याकडून काढून घेतला.

चार बोल्ट. गार्ड खणकन पडला. आणि बाबा बाहेर सरकले, सीटकडे वळले, हातांवर भार दिला, चांगल्या पायाने रेटा मारला आणि सीटवर. एका दमात. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

हे पहिल्यांदा केल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या गणपतीपासून. तू कामावर गेलास की."

"मग मी रोज उचलतो ते?"

"उचलतोस ना." हात पुसत बाबा म्हणाले, "अरे, दिवसभर तुझं आपलं चालूच असतं… गॅस बघ, कडी बघ, गोळ्या मोज. मला उचलून ठेवलंस की तेवढा वेळ तरी तू गप्प असतोस. म्हटलं, असू दे."

आणि स्कूटर सहासष्ट सेंटिमीटरच्या दारातून आत घेऊन गेले. कुठेही न घासता.

संध्याकाळी डेकवर ते पुढे आणि मी मागे. किनारा म्हणजे एक अंधूक रेघ होती, तरी ते देवगडवाल्याला बोट दाखवून काहीतरी सांगत होते. मी लांबच उभा राहिलो. केबिनमध्ये परत आल्यावर ते आपले आपण पलंगावर सरकले. मी हात पुढे केले होते, ते तसेच मागे घेतले. त्या हातांचं काय करायचं, ते कळेना.

घरी येऊन चार दिवस झाले. कमरेचा पट्टा कपाटात ठेवलाय. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू… पण आता वेगळंच काहीतरी वाटतंय.

बाबा फेसबुकवर नाहीत आणि तोंडावर मला बोलता येणार नाही, म्हणून इथेच लिहितो. बाबा, गरज नसताना मला इतके दिवस उचलू दिलंत… थँक्यू.