दुकानातला चेहरा

मोठ्या दुकानात क्रीम-पावडरच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या ताईला कंपनीने निळा कोट दिला होता आणि वर एक गोरा चेहरा. कोट अंगाला घट्ट व्हायचा, चेहरा मात्र चांगला चार छटा सैल होता. पाठीमागच्या जाहिरातीतली पोरगी दुधात बुचकळून काढल्यासारखी हसत असे. तिच्याशेजारी सावळं तोंड घेऊन उभं राहिलं तर बाटली घेणार कोण, असं मॅनेजरचं म्हणणं. ताई रोज सकाळी तो चेहरा थापायची आणि संध्याकाळी घरी निघण्याआधी खसाखसा धुऊन टाकायची. बेसिनमधून असं पांढरट पाणी वाहायचं, की चुन्याची भिंतच धुतली म्हणावं!

पालकसभेच्या आदल्या दिवशी लेक हळूच म्हणाली, "आई, उद्या दुकानातून थेट शाळेत ये ना. तोंड न धुता."

"का गं बाई, साबण महाग झाला?"

लेक हसली नाही. "मुली मला काळी म्हणतात. तू तशी आलीस की गप्प बसतील."

ताई तशीच गेली. मानेचा खरा रंग दिसू नये म्हणून भर उन्हात गळ्याला स्कार्फ गुंडाळून. लेक तिला हाताला धरून वर्गभर मिरवत होती.

वर्गाच्या बाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मग कौतुकाने म्हणाल्या, "ही वडिलांवर गेलेली दिसते!"

नाक, डोळे, रंग, सगळं आईचंच घेऊन जन्मलेली ती पोर आशेने वर बघत होती.

"हो," ताई म्हणाली, "अगदी बापावर गेलीय."