उसवलेली मागणी

"आदी मेंढरं पानी पिऊ द्या, मग बगू."

बन्सीधरच्या तोंडी हे एकच वाक्य असायचं. मतदानाला चल म्हणा, पंगत बसली म्हणा, अंगात ताप आहे, दवाखान्यात चल म्हणा, उत्तर तेच. मेंढरं पाणी प्यायची, बाभळीखाली माना टाकून बसायची, आणि बन्सीधरचं 'मग' काही यायचं नाही. त्याचं लग्नही असंच राहून गेलं. पोरगी बघायला जायचं ठरावं, तेव्हा त्याचा कळप येलदरीच्या बाजूला चरत असायचा. कळप परतेपर्यंत पोरीचं दुसरीकडं जमलेलं असायचं. चाळिशी उलटली, कानावरचे केस लोकरीसारखे झाले, तेव्हा गावानं विचारणंच सोडून दिलं.

ही गोष्ट आमच्याकडं लोक हसत सांगतात आणि अर्ध्यात तोडतात. मी ती सावकाश सांगणार आहे, कारण ती घडलीच सावकाश.

पालमला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीसमोर विजयमाला राहते. नवरा ट्रकवर होता, अपघातात गेला. मूलबाळ नाही. ती आणि सासू कोंडाबाई, अशा दोघीच घरात. विजयमाला लोकांना वाकळा शिवून देते. आपण जुन्या साड्या, धोतरं, फाटक्या चादरी बोचक्यात बांधून न्यायच्या आणि ऊबदार वाकळ घेऊन यायचं. तिचा धावदोरा बघितला की बन्सीधरला ओळीनं ओढ्यात उतरणारी मेंढरं आठवायची, असं तो मला म्हणाला होता. त्याच्या जिभेवर यापेक्षा मोठी तारीफ नव्हती.

आता एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागात वाकळेच्या पोटात एकाच घरची कापडं घालतात. दुसऱ्या घरची चिंधीसुद्धा चालत नाही. दोन घरची कापडं एका वाकळेत शिवली, तर ती दोन घरं एक झाली असं धरतात. म्हणून विजयमाला प्रत्येकाचं बोचकं वेगळं ठेवते, आणि एक शिवून झाल्याशिवाय दुसरं सोडत नाही. तिची इज्जत त्यावरच आहे.

बन्सीधरच्या आईनं जाण्याआधी तिच्याकडून वाकळ शिवून घेतली होती. उरलेली कापडं विजयमालानं स्वतःच्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून परत दिली. हिरवा तुकडा, मातकट काठाचा. आई गेली, बोचकं राहिलं. तो तुकडा परत द्यायच्या निमित्तानं बन्सीधर बाजाराच्या दिवशी त्या गल्लीत जायचा, ओसरीवर बसायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि तुकडा खिशात तसाच ठेवून परत यायचा. सगळं पालम तिला ताई म्हणतं. बन्सीधर काहीच म्हणायचा नाही, नुसता खाकरायचा. ताई म्हटलं तर वाटच बंद, आणि नावानं हाक मारायची तर छाती होईना.

मग त्यानं ठरवलं की जे तोंडानं होत नाही ते हातानं करायचं. वाकळ शिवायची. वर आईची साडी, आत आपलं धोतर, आणि धोतराच्या बरोबर मधोमध तिचा हिरवा तुकडा. ती कारागीर आहे, तिला लगेच कळंल.

लोकरीची पोती शिवायची त्याला सवय होती. तेच दाभण घेतलं, तीच सुतळी. दुपारी कळप बसला की तो शिवायचा. बांधावरून जाणारे म्हणायचे, "बन्सी, मेंढराला अंगडं शिवायलास का रं?" तो हसायचा. वाकळ झाली ती अशी, की एक कोपरा वर, एक खाली, आणि मधे पोत्याच्या तोंडासारखे टाके. पण त्याला ती फार देखणी वाटली. घडी घालून पालमला नेली, तिच्यापुढं ठेवली, खाकरला आणि म्हणाला, "हे तुमच्यासाठी."

विजयमालानं एक टोक उचललं, टाके बघितले, हसू दाबलं.

"कुणी शिवली हो ही?"

"मीच."

"बरं बरं. ठिवा. पुढच्या बाजारी या."

ते ऐकून तो गावाकडं पळतच आला. मला म्हणाला, "इचार करून सांगते म्हणली." मीही खरंच मानलं.

आता तिच्या बाजूनं बघा. वाकळा शिवणाऱ्या बाईपुढं कुणी अशी वाकळ आणून ठेवली, तर तिनं काय समजावं? दुरुस्तीला आणली, असंच. तिनं ती उसवली. सगळी. पहिल्या थरात म्हातारीची साडी, दुसऱ्यात धोतर, आणि त्यात तिचाच हिरवा तुकडा! आपलं कापड लोकांच्या वाकळेत गेलं कसं? आपल्याच हातून बोचक्यात राहिलं असणार. गल्लीत कळलं तर कोण काम देईल? तिनं तुकडा काढून घेतला आणि वाकळ नव्यानं, चांगल्या दोऱ्यानं, जीव लावून शिवली.

पुढच्या बाजारी बन्सीधर गेला. कळप दुसऱ्या दिवशी येलदरीकडं निघणार होता, चार महिन्यांसाठी. जे व्हायचं ते आजच. मी गिरणीवर दळण घेऊन बसलो होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

विजयमालानं वाकळ त्याच्या हातात दिली. सरळ, मऊ, ओळखूच न येणारी.

"ह्यात माझं कापड आलं होतं बगा," ती हळूच म्हणाली. "काढून टाकलं म्या. कुणाला बोलू नका. आन पैसे न्हाई घ्यायची मी."

बन्सीधर उभ्या उभ्या थिजला. तुकडा काढला म्हणजे नको म्हणाली. मग इतकी देखणी शिवून कामून दिली? नको म्हणणारी पैसे कामून घेईना? आणि कुणाला बोलू नका म्हणजे काय? तो वाकळेकडं बघे, तिच्याकडं बघे. दोन पावलं रस्त्यावर आला, परत ओसरीवर चढला.

"ते कापड मीच घातलं होतं," तो म्हणाला.

"चुकून का?"

"न्हाई."

"मग कामून घातलं? रीत ठाव न्हाई का तुमाला?"

"ठाव हाय. म्हणून तर घातलं."

विजयमालाला अजून उलगडा होईना. कोंडाबाई तूर निवडत बसली होती, तिनं सूप बाजूला सारलं.

"अगं, मागणी घालायलाय ते तुला!"

"वाकळ शिवून?"

"त्येच्या तोंडाला शिवण हाय, दिसंना का?"

गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. विजयमालाचा चेहरा लाल झाला, रागानं की कशानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"मग मला उसवू कामून दिली? एक शब्द बोलला असता तर?"

"तुमाला कळंल वाटलं."

"मला टाके कळत्यात, मानसं न्हाई!"

मग तिनं सासूकडं बघत खालच्या आवाजात विचारलं, "आन माज्या आत्याचं काय? मी गेल्यावर तिला कोन?"

बन्सीधरनं यावेळी खाकरण्यात वेळ घालवला नाही.

"त्यांचं बी एक लुगडं घाला की आत."

"मला कुठं कोंबायलास रं वाकळंत?" कोंडाबाई ओरडली, पण पदर तोंडाला लावून.

विजयमालानं त्याच्या हातातून वाकळ काढून घेतली.

"ठिवून जावा ही."

"म्हंजी?"

"म्हंजी ठिवून जावा. चार महिन्यांनी येताल ना?"

"येतो की. पर म्हंजी हो का…"

"कळप निघायचाय ना तुमचा? जावा."

तो ओसरीवरून उतरला. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, एकदा खिशात घातले, एकदा पाठीमागं धरले. गल्लीच्या तोंडाशी थांबला, मागं वळावं की नाही याचा विचार केला असावा, आणि न वळताच स्टँडकडं निघाला. मी बघत होतो, गिरणीवाला बघत होता. विजयमाला वाकळ पोटाशी धरून दारात उभी होती, तो दिसेनासा होईपर्यंत. कोंडाबाई मात्र त्याच्याकडं बघतच नव्हती. ती सुनेकडं बघत होती.