डबलदादाची क्रिकेट कार्डं

डबलदादाला काहीही दाखवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "डबल आहे का?" छत्री दाखवा, कुकर दाखवा, नवा चष्मा दाखवा. एखाद्याकडे एकच वस्तू दोनदा असेल, तर त्यातली एक दुसऱ्या कुणाची तरी असते, असं त्याचं साधं म्हणणं. मी शिकायला आयर्लंडमधल्या स्लायगोला आले, त्या पहिल्याच आठवड्यात तो माझ्या खोलीच्या दारात रजई घेऊन उभा राहिला. मागे त्याची बायको, स्मितावहिनी. "एका मुलाकडे डबल होती," तो म्हणाला. "तू त्याला ओळखत नाहीस, तो तुला ओळखत नाही. रजई मात्र गरम आहे." माझं नाव विचारायचं त्याला नंतर सुचलं.

ही सवय त्याला लहानपणीच्या कार्डांनी लावली होती. नागपुरात तो शाळेत असताना च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळत. वर फोटो, खाली सामने, धावा, बळी आणि झेल. डबल निघालेली कार्डं पोरं एकमेकांत बदलत. उरलेल्या पोरांनी आपली कार्डं केव्हाच रद्दीत घातली. दादाची मात्र त्याच्याबरोबर आयर्लंडला आली. स्वयंपाकघरातल्या 'प्रेस'मध्ये, म्हणजे कपाटात, डाळींच्या बरण्यांच्या वर त्यांचा डबा असे. कार्ड कडेनेच धरायचं, ही पाहुण्यांना ताकीद.

आवडती कार्डं कुठली, तर नावाजलेल्यांची नाहीत. एका यष्टीरक्षकाच्या कार्डावर शाळेच्या डब्यातल्या हळदीचा डाग होता. एका उंच गोलंदाजाचा चेहरा खिशात घासून पार पुसला गेला होता. आणि एक होता अकराव्या नंबरचा फलंदाज, ज्याचे झेल सोडले तर बाकी सगळे आकडे लाज आणतील असे. कार्डांचा खेळ सोपा. आपल्या कार्डावरचा एखादा आकडा पुकारायचा. समोरच्याच्या कार्डावर तोच आकडा लहान असेल तर त्याचं कार्ड आपलं. दादा त्या अकराव्या नंबरवाल्याला घेऊन 'झेल' पुकारायचा आणि बऱ्याचदा जिंकायचा. "चांगलं कार्ड कुणीही खेळेल," तो म्हणे. "टाकाऊ हाती आलं की डोकं चालवावं लागतं."

त्याची मुलगी ईरा तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर येई ते अस्सल स्लायगोच्या इंग्रजीत. वहिनी कुरकुरत. दादा म्हणे, "समजतं ना? मग झालं."

मी नोकरीसाठी डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनला गेले, तरी महिन्यातला एखादा शनिवार-रविवार त्यांच्याकडे असे. अशाच एका रविवारी सकाळी चहा गाळताना दादाच्या हातून गाळणं पडलं. "काय झालं?" वहिनींनी विचारलं. "हेच," तो म्हणाला. "हेच काय?" "हेच... हेच." त्याच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. आम्ही अँब्युलन्स बोलावली.

मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. उरला तो एकच शब्द, 'हेच'. पाणी हवं, हेच. खिडकी बंद करा, हेच. सावकाश बोललेलं मराठी त्याला कळत होतं, इंग्रजी मात्र पोचत नव्हतं. ईरा त्याच्या खाटेशी बसून विचारायची, "हाऊ आर यू फीलिंग, बाबा?" तो तिच्याकडे बघत राहायचा आणि मग वहिनींकडे वळायचा, ही काय म्हणते ते सांग, अशा नजरेने.

एके दिवशी ईरा मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी दिसली. "ही डझन्ट नो व्हॉट आय'म सेइंग," ती म्हणाली. मग डोळे पुसून, एकेक शब्द शोधत, "मुग्धाताई, मला... बोलायला शिकव."

वाणीउपचार करणारी ओर्ला दादाला सफरचंद, किल्ली, कुत्रा अशी चित्रं दाखवी. तो मान फिरवून घेई. शेवटी ओर्लाच म्हणाली, "त्यांच्या आवडीचं काहीतरी घरून आणा आणि त्यांच्याच भाषेत बोला. मला नाही समजलं तरी चालेल." वहिनींनी प्रेसमधला डबा आणला.

कार्डं उभी ठेवायला ईराने अंड्यांच्या पुठ्ठ्याला चिरा पाडल्या. दादा डाव्या हाताचं बोट आकड्यावर ठेवी आणि म्हणे, "हेच." ईरा आपला आकडा मराठीत सांगे. आणि मराठी आकडे म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे! पंचेचाळीस आणि चोपन्न यांतच तिची दमछाक होई. "हू मेड दीज नंबर्स?" ती वैतागून विचारी, पण दुसऱ्या दिवशी परत हजर.

असे कितीतरी आठवडे 'हेच'मध्ये गेले. एका दुपारी ईराच्या कार्डावर एकोणऐंशी झेल होते. "झेल, एकोणसत्तर," ती ठासून म्हणाली. दादाने तिचं कार्ड वाकून बघितलं. त्याच्या कपाळावर शिरा उभ्या राहिल्या.

"एकोण..." तो म्हणाला. "एकोण... ऐंशी!"

असा रागावून ओरडला की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकले. ईरा हसत होती आणि रडतही होती. "परत सांग," ती म्हणाली. त्याने परत सांगितलं, आणि तिचं कार्ड स्वतःकडे ओढून घेतलं. तिचाच आकडा मोठा होता, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

त्यानंतर घरी आल्यावर त्याने कायदाच केला: माझा शब्द कुणी पुरवायचा नाही. कुणी पुरवू लागलं की तो डावा तळहात उभा करी. सगळ्यात कठीण गेलं ते वहिनींना. एकदा 'मीठ' सापडेपर्यंत त्याचं वरण थंडगार झालं; समोर बसून त्या पदर चावत होत्या. त्याने मीठ मागूनच घेतलं. मराठी सावरल्यावर त्याने ओर्लासमोर इंग्रजीही असंच, खणून खणून काढलं. कारखान्यातलं जुनं काम दिवसभर बोलण्याचं होतं, ते परत मिळालं नाही. त्याने बसून करायचं दुसरं काम घेतलं आणि त्याबद्दल कधी सुस्कारा टाकला नाही.

मग ईराला डब्लिनमध्ये कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथल्याच सँट्री भागात तिने खोली घेतली, सामान लावायला मी गेले होते. आम्ही गादीवर चादर घालत असताना तिचा फोन वाजला. दादा! आजारापासून त्याने कुणालाही फोन केला नव्हता. समोर माणूस नसलं, की शब्द त्याला आणखीच चकवत.

ईराने फोन कानाला लावला. थांबली. बराच वेळ थांबली.

"कोट," पलीकडून आवाज आला. "दारामागे. राहिला."

"राहू दे, बाबा. मी शुक्रवारी येतेच आहे."

"नाही." त्याने शब्द शोधला. "मी... आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डब्लिनच्या आगगाडीत बसला, एकटाच. वहिनींनी पर्स उचलली होती. त्याने ती त्यांच्या हातून घेऊन खुंटीला परत अडकवली, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण अभिमानही होता. पुढचे तीन तास आम्ही दोघींनी स्टेशनवर कसे काढले, ते आम्हालाच ठाऊक.

गाडी आली. शेवटच्या डब्यातून दादा उतरला, डाव्या खांद्यावर ईराचा कोट टाकून, पाय जरा ओढत. वाटेत त्याने डब्यातल्या एका बाईंना कुठलं स्टेशन आलं ते इंग्रजीत विचारलं होतं. त्या खाली उतरून त्याला हात करून गेल्या. त्याने कोट ईरासमोर धरला.

"घाल," तो म्हणाला.

बाहेर लख्ख ऊन होतं. ईराने कोट तिथेच, प्लॅटफॉर्मवर अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.