नीळ जास्त झालेली माझी पांढरी साडी

मैत्रिणींनो, माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदू आणि काचबिंदूचं ऑपरेशन एकदमच झालं ना, त्याची आज तपासणी होती. जाताना विहारात नेसायची पांढरी साडी काढली, तर बाई, ती चक्क निळी!

इकडेच वाढलेल्या, हिंदीच बोलणाऱ्या नातीला विचारलं, "पिंकी, ही कुणाची गं?"

"आपकी ही है, आजी. हर बार इतना नील आप ही तो डालती हैं!"

आता कळलं. मोतीबिंदूमुळे पांढरं मला पिवळट दिसायचं, म्हणून मी नीळ वाढवतच गेले. डावा डोळा अजून तसाच आहे. उजवा झाकला की साडी पुन्हा पांढरी! हाच खेळ करत बसले आणि अलीगंजला डॉक्टरांकडे पोचायला उशीर झाला.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब उतरलाय. मी विचारलं, "आणि कडेचं दिसत नाही, ते येईल का परत?" म्हणाले, काचबिंदूनं नेलेली नजर येत नाही, उरलेली टिकावी म्हणून तर हे ऑपरेशन.

जरा वाईट वाटलं. सोबत आलेली, शेजारीच बसलेली पिंकीही दिसेना. मग मान वळवली, तर तिच्या गालावरचा बारीकसा तीळसुद्धा दिसला!

तुम्हाला ऑपरेशननंतर घरातलं काय भलत्याच रंगाचं दिसलं गं?