विकणाराही डोंग्यात बसला

पुण्याहून नागपूरमार्गे येऊन नागभीडच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हा एक कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि दुसरा पाहायला मी आलो होतो. दोन्ही वापरलेले, दोन्ही मीडियम फॉरमॅट, म्हणजे आतला सेन्सर नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलाच मोठा. निवृत्तीनंतर फक्त निसर्गचित्रं काढायची असं ठरवून मी घरातलं सगळं जुनं सामान विकून टाकलं होतं. नवा कोरा घेण्याची ऐपत या जन्मी येणार नव्हती, तेव्हा या दोघांतला एक निवडायचा आणि मरेपर्यंत तोच वापरायचा. निवड चुकली असती तर बायकोने तेवढाच काळ ऐकवलं असतं.

गळ्यातला धाकटा नागपूरच्या एका दुकानदाराने वापरून पाहायला दिला होता. हलका, गुणी, हात थरथरला तरी सांभाळून घेणारा. पण सोबत लेन्स एकच. थोरला होता दिवाकरचा. दिवाकर नागभीडमध्ये लग्नाचे फोटो काढतो. त्याचा कॅमेरा विटेसारखा जड, सोबत तीन लेन्स, आणि प्रत्येक फोटोनंतर जरा विचार करत बसण्याची त्याला सवय.

"मग विकतोस कशाला?" जुनी वस्तू घेताना विचारायचा तो पहिला प्रश्न मी विचारला.

"जास्त दिसते जी त्याच्यात," दिवाकर म्हणाला. "नवरीच्या मेकअपचे थर दिसते. एका नवरीनं तं अल्बमच वापस पाठोला."

माझा विश्वास बसला नाही. काहीतरी खोट लपवतोय, असंच मी धरून चाललो.

संध्याकाळी तो मला तलावावर घेऊन गेला. त्याचे वडील सोमाजी पाळीवर (तलावाच्या बांधावर) जाळं दुरुस्त करत होते. माझा संशय त्यांनी चेहऱ्यावरून ओळखला असावा. "आमी जुना डोंगा (लाकडी होडी) घेतो ना, तवा विकनाऱ्याले संगं बसवतो अन् मधात नेतो. पानी शिरलं तं दोघंबी भिजते," ते म्हणाले. मग हसून पुढे, "कधी कधी विकनाराच डोंगा वापस घेऊन येते, ते अलग."

दिवाकरला कल्पना पसंत पडली: कॅमेरा वापरून पाहायला मी निघेन तेव्हा तोही सोबत येणार. दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतःची गाडी घेऊन हजर.

कापणी झालेल्या बांध्यांवर (धानाची शेतं) धुकं बसलं होतं. धानाचे पुंजणे (रचलेले ढीग) त्यातून नुसतीच डोकी काढून उभे होते. थोरला कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) चढवून मी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चाललो आणि पाय घसरला. दिवाकर धावला. त्याने आधी कॅमेरा धरला. मी चिखलात बसलो. नंतर मलाही त्याने हात दिला, पण त्याआधी लेन्स पुसून घेतली.

पोंभुर्ण्याला एका खानावळीत झिंगे (बारीक कोळंबी) घातलेली वांग्याची भाजी आणि भात खाल्ला. भाजी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी. "पुन्यात अशी भेटत नाई ना?" मालकीण म्हणाली आणि न विचारता आणखी वाढून गेली. जेवण होईपर्यंत थोरल्याची बॅटरी संपली आणि दिवाकरने दुसरी घातली. मी मनात धाकट्याला एक गुण दिला.

पुढे आलापल्लीपासून सागाचं रान दाट झालं. एटापल्लीच्या अलीकडे एका पाड्यावर थांबलो. दिवाकरने "जोहार" म्हटलं आणि अंगणातल्या बाईंनी आम्हाला जावा (तांदळाची पातळ पेज) दिला. थंडगार, किंचित आंबूस. वाटेतला सगळा शीण उतरला. समोरच्या उतारावर ऊन तिरपं झालं होतं. मी दोन्ही कॅमेऱ्यांनी तोच उतार टिपला. खरं तर थोरल्याचं बटण दिवाकरनेच दाबलं. मला थोडा रागही आला. परीक्षा माझी आणि पेपर हा लिहितोय!

फोटो त्याच्या लॅपटॉपवर पाहिले. धाकट्याचा पाहून बाई "बेस" म्हणाल्या आणि सुपातलं धान पाखडायला वळल्या. थोरल्याचा दिवाकरने मोठा केला, आणखी मोठा केला. धाकट्यात जो हिरवा ठिपका होता तिथे आता झाड उभं होतं, फांदीन् फांदी वेगळी.

बाईंनी सूप खाली ठेवलं. "हा तर आमचा मोहा!" त्या ओरडल्या. "तो बाजूचा दिराचा. अगं ये, तुझा बी दिसते!" शेजारणी आल्या, पोरं आली. प्रत्येकीला आपलं झाड पाहायचं होतं. दिवाकर सरकवत राहिला, मोठं करत राहिला. त्याचा चेहरा मी पाहत होतो.

"इथी कोनी म्हनत नाई, जास्त दिसते म्हनून," तो हळूच म्हणाला.

माझा निर्णय तिथेच झाला. गाडीत बसताना मी त्याला सांगितलं, "थोरला माझा."

"हो जी," तो म्हणाला. मग नागभीडपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तो आधी मागच्या सीटवरच्या कॅमेऱ्याकडे वळून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर त्याने तिन्ही लेन्स पुसल्या, भरलेल्या बॅटऱ्या आत ठेवल्या आणि बॅग माझ्या खांद्यावर अडकवली. बॅग खरंच जड होती आणि मला फार आनंद झाला होता. खोट कुठेच नव्हती.

"भाऊ," तो म्हणाला, "त्या बाईले तिच्या मोहाचा फोटो मोठा करून पाठवान ना? कार्ड आतच हाय. तिनं तुमाले नाई, मले सांगतलं होतं."

मी बॅगेचा पट्टा धरून उभा राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? एवढा आवडलेला कॅमेरा मला परत कुठे मिळणार होता? पण त्याची नजर बॅगेवरून हलत नव्हती. मी बॅग उतरवून त्याच्या खांद्याला अडकवली.

"तूच पाठव," मी म्हणालो.

पाळीवरून सोमाजींनी आधी त्याच्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्या. आणि जाळं बाजूला टाकून ते पोटभर हसले.

धाकटा आता माझ्याकडे आहे आणि आमचं बरं चाललंय. "एवढं फिरून शेवटी जो गळ्यात होता तोच घेऊन आलात?" बायकोने विचारलं. मी हो म्हणालो. परवा दिवाकरचा निरोप आला: फोटो पोचला, आणि पाड्यावरच्या बाकीच्या बायांनी त्याला मोह फुलतील तेव्हा परत बोलावलंय. धाकट्याला घेऊन मीही जाणार आहे. या खेपेला चिखलात पडलो, तर त्याने आधी मला धरावं एवढीच अट घातली आहे.