भिंतीची मागली बाजू

सोनू मेस्त्री माझ्याकडे नोकरी मागायला आले ते हातात बादली घेऊन. निळी, प्लॅस्टिकची, तुटलेली कडी तारेने बांधलेली. शारजातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसले आणि बादली दोन पायांच्या मध्ये ठेवली.

"हत्यारं आहेत का यात?" मी विचारलं.

"नाय. ही तुमच्या प्लायवुडसाठी."

मग उठून त्यांनी कोपऱ्यात पडलेला प्लायचा तुकडा उचलला, नळाखाली बादली भरली, तुकडा पाण्यात बुडवला आणि वर वीट ठेवली. "परवा येवन सांगतंय, शेट, तुमच्याकडे काम करूचा की नाय." मी घेत होतो ती मुलाखत त्यांची नसून माझी होती, हे माझ्या लक्षात येईपर्यंत म्हातारा गेटबाहेर गेलेला होता.

तिसऱ्या दिवशी प्लायचे पदर सुटून पाण्यावर तरंगत होते. मेस्त्रींनी ते दोन बोटांनी उचलून मला दाखवले आणि म्हणाले, "प्लाय कुचको, पण पगार बरो. ऱ्हवतंय."

असल्या माणसाला मी एरवी उभं केलं नसतं. मी आटपाडीकडचा. फरशी बसवणाऱ्याच्या हाताखाली सिमेंट कालवायला इथे आलो आणि आज माझ्या नावाची इंटिरियरची कंपनी आहे. कुणी हात धरून वर आणलेलं नाही. समोरच्याने शंभर म्हटलं की मी साठापासून सुरुवात करतो आणि सत्तरला उठतो, आणि माझा आवाज चढला की वर्कशॉपमधली कटिंग मशीनंसुद्धा थांबतात. पण त्या आठवड्यात मला पाण्यावरच्या लाकडाचं कळणारा सुतार हवाच होता, आणि मेस्त्रींचं अर्धं आयुष्य वेंगुर्ल्याला होड्या बांधण्यात गेलेलं होतं.

कारण मी बोटीचं काम घेतलं होतं. ज्या गावात पाणी टँकरने यायचं तिथला मी, आणि काम बोटीचं! मालक अबू माजिद, इथलेच, साठीचे, गालात हसणारे. कालव्यातून पर्यटकांना फिरवायच्या लांबट, छपराच्या बोटी त्यांना सजवून घ्यायच्या होत्या. एकूण तेरा. आधी एक करायची. तिने एक अख्खा उन्हाळा तक्रारीशिवाय काढला तर उरलेल्या बारा माझ्या. "पहले एक गर्मी, फिर बारा. इन्शाल्ला," ते म्हणाले. मी मनातल्या मनात त्या बारा बोटी त्याच दिवशी सजवून टाकल्या.

प्रश्न एवढाच होता की आतून भिंतींना काय लावायचं. मला तो प्रश्नच वाटत नव्हता. दुकानांना लावतो तेच दाबलेल्या भुशाचं एमडीएफ, वर छान लॅमिनेट, चिकटवलं की खलास. अबू माजिद यांना मजलिससारखं, म्हणजे अरबी बैठकीच्या खोलीसारखं, मऊ कापड हवं होतं. त्यांचे मॅनेजर मिश्राजी गोरखपूरचे, त्यांना धुता येणारं पीव्हीसी हवं होतं. मेस्त्रींनी तिघांचंही ऐकून घेतलं आणि सहा बादल्या मागितल्या.

कालव्याचंच पाणी भरून, धक्क्यावर ओळीने सहा बादल्या. एकेकीत एकेक तुकडा. शुक्रवार ते शुक्रवार. मी रोज तिथे जाऊन ओरडायचो, "मेस्त्री, बोट आत बसून चालवायची आहे, बुडवायची नाहीये! भिंतीला पाणी लागेल कुठून?"

त्यावर त्यांनी एकदा माझ्या हातातली थंड पाण्याची बाटली घेऊन माझ्याच शर्टाला पुसली. शर्ट ओला झाला. "ह्या पाणी खंयसून इला? बाटली फुटली? भायर ऊन, भितुर एसी. बोटीक घाम येता, शेट. भिंतीच्या मागे. आपणाक दिसना नाय इतक्याच."

पुढच्या शुक्रवारी निकाल लागला. एमडीएफ चहात बुडवलेल्या टोस्टसारखं फुगलं होतं. कापडाखालच्या फोमला वास मारत होता. मेस्त्रींनी तो अबू माजिद यांच्या नाकाशी नेला तेव्हा मजलिसचा विषय संपला. पीव्हीसीला पाण्याने काही झालं नव्हतं. मिश्राजी खुलले. मेस्त्रींनी तो तुकडा उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या छपराखाली ठेवला आणि दुपारच्या जेवणानंतर तो धनुष्यासारखा वाकलेला मिश्राजींना परत दिला. बाजारातली स्वस्त प्लाय, वॉटरप्रूफचा शिक्का असूनही, पदर सोडून मोकळी झाली. सागवान पट्टी ठणठणीत होती, पण तिचा भाव ऐकून मीच फुगलो. उरली ती चांगल्या प्रतीची, बोटींसाठीच बनवलेली मरीन प्लाय, वर लाकडाचा पातळ पापुद्रा. मी व्यापाऱ्याशी तीन दिवस भांडून ती भावात बसवली. मेस्त्री एकदाच म्हणाले, "भांडूक तुमका बरा जमता." त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

पण त्यांच्या दोन अटी होत्या. भिंतीला प्लायच्या पाट्या चिकटवायच्या नाहीत, स्क्रूने लावायच्या, म्हणजे कधीही उघडून मागे बघता येईल. आणि प्रत्येक पाटीला मागून आणि चारी कडांना रंगाचे तीन हात. पुढून जितकं प्रेम, तितकंच मागून.

"मागून?" मी ओरडलो. "मागे कोण बघणार आहे?"

"पाणी बगतला."

हे वाक्य मी दोन महिने ऐकलं. रंग वाळायची वाट बघायची, पाणी बगतला. कडेला ब्रश लागला नाही, परत काढ, पाणी बगतला. शेवटी बोट द्यायची तारीख दोन दिवसांवर आली आणि पुढच्या केबिनच्या सहा पाट्या राहिल्या. नेमके गणपती. मेस्त्री दीड दिवसासाठी खलिफा सिटीला मेव्हण्याकडे गेले. जाताना बजावून गेले, "मी येयसर हात लावू नकात."

मालक मी. माझ्या बोटीला मी हात लावू नको? दोन कामगार घेतले आणि त्या सहाही पाट्या मागून कोऱ्याच बसवून टाकल्या. पुढून पॉलिश झक्क.

मेस्त्री परत आले ते मोदकांचा डबा घेऊन. माझ्या हातात डबा दिला, बोटीत शिरले आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवत निघाले. पुढच्या केबिनशी थांबले.

"कोणी केला?"

"मी. का?"

त्यांनी एक पाटी उघडली, मागून पाहिली. कानामागची पेन्सिल काढून काहीतरी लिहिलं आणि पाटी परत होती तशी बसवली. मला वाटलं, माप लिहिलं. म्हणाले, "दोन दिवस द्या. सहाच्या सहा काढतंय."

"तारीख आहे! इथे शेट कोण, तुम्ही की मी?"

"तुमीच," ते शांतपणे म्हणाले. "म्हणान तर ह्या असा झाला."

कामगार खाली मान घालून हसले. ते हसणं मला झोंबलं. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. बोट तारखेला दिली आणि पुढच्या आठवड्यात मी त्यांचा व्हिसा कॅन्सल केला. जाताना त्यांनी भांडण केलं नाही, निरोप घेतला नाही, निळी बादली मात्र वर्कशॉपमध्ये ठेवून गेले. विसरून नव्हे. नळाखाली, सरळ, माझ्या केबिनमधून दिसेल अशी.

पुढचा उन्हाळा गेला. अबू माजिद यांनी मला बोटीवर बोलावलं. मी बारा बोटींचे कागद बगलेत मारून गेलो. पुढच्या केबिनची भिंत एका ठिकाणी गाल सुजल्यासारखी झाली होती. मिश्राजींनी स्क्रू काढले. ते अगदी सहज निघाले, मेस्त्रींची कृपा. पाटी उलटी केली. मागून काळी, बुरशी आलेली, आणि बुरशी न पोचलेल्या एका कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेले दोन ठसठशीत शब्द होते: शेटचा काम.

"ये क्या लिखा है?" अबू माजिद यांनी विचारलं.

"नीचे का साइड," मी म्हणालो. "कारपेंटर लोग लिखते हैं."

"सेठजी," मिश्राजी चष्मा सावरत म्हणाले, "देवनागरी तो हम भी पढ़ लेते हैं. लिखा है, सेठ का काम."

अबू माजिद यांनी मागच्या केबिनमधल्या चार पाट्या उघडायला लावल्या. मागून आरशासारख्या. फक्त आकडा आणि बाण, म्हणजे कुठली कुठे लावायची ते कळावं. कुणाचं नाव नाही. ते बराच वेळ गालात हसले. मग म्हणाले, "हबीबी, ये आदमी को बुलाओ. फिर बारा."

मी तिथूनच धक्क्यावर जाऊन वेंगुर्ल्याला फोन लावला. वर्षभराने. आधी भांडलोच. "मेस्त्री, ते लिहायचं कशाला? बारा बोटी होत्या!"

"उद्या कोणीतरी उघडतलो, आणि गाळी माका घालीत. म्हणान लिवलंय."

"बरं, झालं ते झालं. परत या. पगार वाढवून देतो."

"मी येवचंय नाय, शेट. व्हिसा तुमीच कॅन्सल केलात. बरा केलात. हंय नातवाची होडी बांधतंय." मग म्हणाले, "बादली आसा मा?"

"आहे."

"मगे माका कित्याक बोलावतास?"

अबू माजिद यांच्याशी मी आयुष्यातली सगळ्यात लांब घासाघीस केली. बारापासून सुरू केली आणि एकीवर उठलो. आणखी एक बोट, आणखी एक उन्हाळा, आणि या खेपेला प्रत्येक पाटी ते स्वतः उघडणार. दोन शब्दांपायी अकरा बोटी लांबल्या. हे मी सोनू मेस्त्रींना कधी माफ करणार नाही.

त्या बोटीची शेवटची पाटी गेल्या शुक्रवारी झाली. मागून तीन हात, कडांना तीन हात, ब्रश माझ्या हातात, कामगार बाजूला उभे. बऱ्याच वर्षांनी माझ्या नखांत रंग गेला. सगळं वाळल्यावर मी पेन्सिल घेतली, कोपऱ्यात लिहिलं, शेटचा काम, आणि व्हिडिओ कॉल लावून फोन त्या पाटीसमोर धरला. मेस्त्री पलीकडे डोळे बारीक करून बघत राहिले. मी वाट पाहिली. एक शब्द, एवढीच अपेक्षा होती.

"पाण्याक दाखवा," ते म्हणाले. "माका कित्याक दाखवतास?"

आणि फोन ठेवला.