आक्काच्या दंडावर न उठलेली लस

सीताराम आणि मी एकाच वर्षी देवी टोचायच्या नोकरीला लागलो. त्याच्याकडे आंबी गाव, माझ्याकडे सोमाटणे. माणूस सरळ, पण कामाचा भारी तोरा. टोचलेल्या जागी आठवड्याने फोड आला की लस उठली. तीनदा टोचूनही नाही आला, तर अंगात मुळातच देवी रोखायची ताकद आहे, असं आम्ही सगळे समजायचो. मीही समजायचो, म्हणून त्याला एकट्याला दोष देताना जीभ अडखळते.

भागुबाई त्याची थोरली बहीण. तिच्या मानेला गाठी आल्या, कर्करोग निघाला. मुंबईला किरणांचा शेक घेऊन ती नुसता हाडांचा सापळा होऊन आंबीला परतली. लहानपणी तिला टोचलेलं नव्हतं. १९६७ च्या उन्हाळ्यात सीतारामने तीनदा टोचलं. दंड कोराच राहिला.

"आक्का, तुला देवी व्हायच्या न्हाईत," तो छातीठोकपणे म्हणाला.

महिन्याभरात शेजारच्या अंबूबाईला देवी आल्या. बिचारी एकटी. दंडावर लशीचा वण असलेल्या धडधाकट बायाही तिचा उंबरा ओलांडेनात. भागुबाईने भावाला विचारलं, "मी जाऊ का रं?"

"जा बिनघोर."

पंधरा दिवस तिने अंबूबाईला पेज पाजली, तिचं अंग पुसलं. अंबूबाई वाचली आणि भागुबाईने अंथरूण धरलं. देवीच होत्या, पण फोड वर आलेच नाहीत. अंग काळंनिळं पडलं, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. डॉक्टर सीतारामला म्हणाले, "कर्करोगाने आणि शेकाने हिच्या अंगात लढायला काही उरलंच नव्हतं. लस उठणार कशी?"

सीताराम तिच्या उशाशी बसला.

"मला व्हायच्या न्हाईत म्हणला व्हतास ना?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"चुकलो, आक्का."

पाचव्या दिवशी ती गेली.

आता आळीतल्या सगळ्यांना टोचायचं होतं. भागुबाईची लेक कस्तुरा तान्ह्या पोरीला छातीशी धरून दारात उभी राहिली. "मामा, तुमच्या हातचं नगं."

म्हणून मला सोमाटण्याहून बोलावलं. पोरीला मी टोचलं. आठवड्याने तपासायला गेलो, तेव्हा सीताराम बाहेर रस्त्यावर थांबला. मी येऊन सांगितलं, उठली, चांगला टपोरा फोड आहे.

"पुन्यांदा बघून ये," तो म्हणाला.

मी गेलो, बघून आलो. त्याने मला तिसऱ्यांदा पाठवलं.